कोडिंग शिकणाऱ्यांना मदत मिळवून देणारे वेब अ‍ॅप: चौघांच्या टीमने सुरुवात कोठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातले तुम्ही चौघे मिनी प्रोजेक्ट म्हणून एक वेब अ‍ॅप करू इच्छिता. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकताना अडचण आली, की त्यावरून त्यांना वरच्या वर्गातल्यांकडून किंवा शिक्षकांकडून मदत मागता यावी, हा त्यामागचा हेतू. हाताशी बारा आठवडे आहेत. यादीत चॅट, व्हिडिओ कॉल, ब्राउझरमध्येच कोड चालवून पाहण्याची सोय, मदत करणाऱ्यांची गुणानुक्रमे यादी आणि एआय बॉट आहे. दोघांनी फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारे पडदे), एकाने बॅकएंड (सर्व्हरवरचा कोड) आणि एकाने डेटाबेस घ्यायचा, असे कामाचे वाटप जवळपास ठरले आहे. मी सतरा वर्षे वेब प्रणाली बांधण्याचे काम करतो आहे आणि त्यातली काही वर्षे शनिवारी एका महाविद्यालयाच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून बसलो आहे. त्या दोन्ही अनुभवांवरून सांगतो, की तुमची कल्पना करण्याजोगी आहे. पण यादी आणि कामाचे वाटप या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतील.

प्रथम यादीविषयी. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी तिची गत होण्याची शक्यता मोठी आहे. व्हिडिओ कॉलची सोय तुमच्या विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये आधीच आहे आणि ती तुम्ही बांधाल त्याहून चांगली आहे. मदतनीसाने तयार दुवा चिकटवला की काम भागते. दुसऱ्याचा कोड आपल्या सर्व्हरवर चालवणे हा सुरक्षिततेचा स्वतंत्र विषय आहे. अनंत फिरणारा एक लूप किंवा सर्व्हरवरील फाइली वाचणाऱ्या दोन ओळी संपूर्ण अ‍ॅप आडवे करू शकतात आणि त्यापासून बचाव करण्यातच तुमचे बारा आठवडे संपतील. गुणानुक्रमाविषयी माझे मत अधिक कडक आहे, त्याचे कारण पुढे येईल. हे सगळे वगळल्यावर जे उरते तेच खरे अ‍ॅप आहे: अडचण मांडायची, कोणीतरी ती हाती घ्यायची, ती सुटायची आणि सुटली याची नोंद राहायची.

हे फारच साधे वाटेल. परंतु सध्याची व्यवस्था नेमकी येथेच फसते. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतो. सबमिशनच्या आठवड्यात रात्री अकरा वाजता त्यावर संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने तिरका काढलेला फोटो येतो आणि खाली एवढेच लिहिलेले असते, ‘हे का चालत नाही?’ दोनशे जण तो पाहतात, प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी सांगेल, आणि दहा मिनिटांत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली तो प्रश्न गाडला जातो. ज्याने मदत करायला घेतली त्याने खाजगीत निरोप पाठवल्यामुळे इतरांना काहीच कळत नाही, आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी तीन जण नव्याने विचारतात. उत्तर देऊ शकणारी माणसे तेथे असतात. अडचण सध्या कोणाच्या हातात आहे हे मात्र कोणालाच दिसत नाही. म्हणून तुमच्या अ‍ॅपचा गाभा संभाषण हा नसून एका अडचणीचा प्रवास हा आहे. ती कोणी मांडली, आत्ता कोणाकडे आहे आणि पुढची हालचाल कोणी करायची आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कोणत्याही क्षणी पडद्यावर दिसली पाहिजेत. अ‍ॅपमधले इतर सर्व निर्णय मी याच कसोटीवर घेईन.

एकही ओळ लिहिण्यापूर्वी एक आठवडा लॅबमध्ये बसा आणि हे अ‍ॅप कागदावर चालवून पाहा. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवा. ज्याला मदत हवी त्याने नाव, वेळ आणि अडचण एका ओळीत लिहावी. मदतनीसाने पोहोचल्याची आणि उठल्याची वेळ पुढे मांडावी. आमच्या लॅबसाठी असेच अ‍ॅप बांधण्यापूर्वी आम्ही हे केले तेव्हा तिसऱ्याच दिवशी लक्षात आले, की सर्वाधिक गोंधळलेली मुले वहीपर्यंत येतच नाहीत. ताकाला जाऊन भांडे लपवावे तसे ती शेजाऱ्याच्या पडद्याकडे पाहत बसतात, कारण उठून वहीत नाव लिहिणे म्हणजे सर्वांसमोर ‘मला येत नाही’ असे जाहीर करणे होय. ही गोष्ट आम्हाला सर्वेक्षणाच्या फॉर्ममधून कधीच कळली नसती. तिच्यामुळे आम्ही अ‍ॅपमध्ये एक नियम घातला, की रांगेत वर्गमित्रांना केवळ क्रमांक दिसेल आणि नाव फक्त मदतनीसाला व शिक्षकांना दिसेल. पूर्ण अनामिकता मी सुचवणार नाही, कारण मग उर्मटपणाला आवर घालता येत नाही आणि ज्याला खरोखरच जास्त मदत लागते असा विद्यार्थी शिक्षकांना ओळखताही येत नाही.

अ‍ॅपमधला सर्वांत महत्त्वाचा पडदा अडचण मांडण्याचा आहे आणि बहुतेक टीम त्यालाच सर्वांत कमी वेळ देतात. तेथे तीन चौकटी असाव्यात: काय करायचा प्रयत्न चालला होता, प्रत्यक्षात काय झाले, आणि आतापर्यंत काय करून पाहिले. दुसऱ्या चौकटीत एररचा मजकूर जसाच्या तसा चिकटवायला सांगा. फोटो पूर्णपणे बंद करू नका. परंतु मजकुराशिवाय नुसता फोटो स्वीकारू नका, कारण फोटोतला मजकूर शोधता येत नाही आणि त्यातला कोड मदतनीसाला स्वतःच्या संगणकावर चालवून पाहता येत नाही. या तीन चौकटी भरता भरताच काही विद्यार्थ्यांना आपली चूक सापडते, हा अनुभव प्रत्येक जुन्या प्रोग्रॅमरला आहे. टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला आपला कोड समजावून सांगण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. तथापि ज्याला प्रश्नच मांडता येत नाही अशा विद्यार्थ्याला या चौकटी भिंतीसारख्या वाटतात. त्याच्यासाठी खाली एक बटण ठेवा: ‘काय विचारायचे तेच कळत नाही’. ते दाबल्यावर केवळ प्रात्यक्षिकाचा क्रमांक आणि असेल तेवढा कोड घ्या व त्याला रांगेत येऊ द्या. प्रश्न घडवण्याचे काम मग मदतनीस त्याच्याबरोबर बसून करील.

भाषेचाही विचार येथेच करावा लागतो. मराठी माध्यमातून आलेली मुले अडचण बोलून उत्तम सांगतात. परंतु इंग्रजीत लिहायला सांगितले की दोन शब्दांवर थांबतात. देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत किंवा मिश्र भाषेत, कसेही लिहिलेले चालेल असे चौकटीतच नमूद करा. तांत्रिक बाजूने एवढेच पाहा, की डेटाबेसचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत, पूर्ण यूटीएफ-८ असेल. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह त्यात तीन बाइट घेते, पण इमोजीला चार लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने मिळणारा जुना अक्षरसंच तीनच बाइटांपर्यंत जातो. त्यामुळे मराठी मजकूर व्यवस्थित साठतो आणि कोणीतरी रडका चेहरा पाठवला की नोंद अडते. ८.० या आवृत्तीपासून चार बाइटांचा संचच मूळ धरलेला आहे. तरीही कॉलेजच्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे हे पाहून घ्या.

आता प्रवासाचे टप्पे. कागदावर पाच गोल काढा: मांडलेली, हाती घेतलेली, विद्यार्थ्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेतली, सुटलेली आणि मागे घेतलेली. प्रत्येक बाणावर तो बदल कोण करू शकतो हे लिहा. ‘सुटली’ असे म्हणण्याचा अंतिम अधिकार विद्यार्थ्याचा असावा. मदतनीसाने फक्त ‘माझ्या मते सुटली’ असे सुचवावे आणि दोन दिवसांत विद्यार्थ्याकडून हरकत आली नाही तर ती आपोआप बंद व्हावी. आणखी एक बाण सगळे जण विसरतात, तो म्हणजे ‘हाती घेतलेली’पासून परत ‘मांडलेली’कडे जाणारा. मदतनीस अडचण हाती घेतो, त्याला तेवढ्यात व्हायवासाठी (तोंडी परीक्षेसाठी) बोलावणे येते आणि बिचारा विद्यार्थी कोणाच्या तरी नावावर अडकून पडतो. लॅबच्या वेळेत वीस मिनिटे आणि एरवी काही तास हालचाल झाली नाही तर अडचण आपोआप रांगेत मूळ जागी परत गेली पाहिजे. आमच्या पहिल्या आवृत्तीत हा बाण नव्हता. ‘आम्हाला मदत मिळाली नाही’ अशा ज्या तक्रारी आल्या त्यातल्या बहुतेकांच्या अडचणी प्रणालीच्या लेखी ‘हाती घेतलेल्या’ होत्या.

दुसरी चूक दोन मदतनीसांच्या एकाच वेळच्या क्लिकची. दोघांच्या पडद्यावर तीच अडचण मोकळी दिसते, दोघेही ‘मी घेतो’ म्हणतात, तुमचा कोड आधी ती मोकळी आहे का ते वाचतो आणि मग नाव लिहितो. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्याचीही वाचनाची पायरी होऊन गेलेली असते आणि शेवटी लिहिणाऱ्याचे नाव राहते. उपाय सोपा आहे: तपासणी आणि लिहिणे ही एकच आज्ञा करा. ‘स्थिती अजूनही मांडलेली असेल तरच माझे नाव लिही’ अशी अट अपडेटच्या आज्ञेतच घाला आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. शून्य बदलल्या असतील तर ‘ही नुकतीच दुसऱ्याने घेतली’ असे नम्रपणे दाखवा. रांगेतली पुढची अडचण प्रणालीनेच नेमून द्यायची असेल तर पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून कुलूप लागलेल्या, म्हणजे त्या क्षणी दुसऱ्याच्या हातात असलेल्या, ओळी वगळून पुढची ओळ उचलण्याची सोय आहे, ती नेमकी अशाच रांगांसाठी उपयोगी पडते. तुम्ही मोंगोडीबी हा डेटाबेस घेणार आहात असे लिहिले आहे. एका दस्तऐवजावरचा बदल तेथेही अविभाज्यपणे करता येतो, त्यामुळे ते चुकीचे ठरत नाही. पण तुमची माहिती मुळात विद्यार्थी, बॅच, प्रात्यक्षिक, अडचण आणि मदतनीस यांच्या परस्परसंबंधांची आहे आणि शिक्षक विचारतील ते सगळे प्रश्नही त्या संबंधांचेच असतील, म्हणून मी पोस्टग्रेस्क्यूएल घेईन.

रांगेचे गणित तुमच्या प्रोजेक्टच्या गाईडना दाखवण्यासारखे आहे, त्यामुळे त्यावर थोडा थांबतो. वीस जणांची बॅच, दोन तासांचे प्रात्यक्षिक, मदतीला सर आणि एक लॅब असिस्टंट, आणि एका मदतीला सरासरी सहा मिनिटे असे धरा. दोघे मिळून दोन तासांत जास्तीत जास्त चाळीस वेळा मदत करू शकतात. प्रत्येक विद्यार्थी दोनदा अडला की चाळीस मागण्या झाल्या, म्हणजे हिशेब कागदावर बरोबर जुळतो. प्रत्यक्षात मात्र रांग लांबत जाते, कारण मागण्या ठरावीक अंतराने येत नाहीत. एकच मदतनीस आणि यादृच्छिक मागण्या अशा सर्वांत साध्या नमुन्यात, मदतनीस ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर सरासरी प्रतीक्षा एका मदतीच्या वेळेच्या चौपट होते आणि ९० टक्के असेल तर नऊपट, म्हणजे सहा मिनिटांच्या कामासाठी चोपन्न मिनिटे. एवढी सरासरी गाठण्यापूर्वीच आपल्या लॅबचा तास संपतो, ही गोष्ट निराळी. यातून लक्षात घ्यायचे ते असे, की अ‍ॅप स्वतः नवा वेळ निर्माण करत नाही. ते फक्त दोन मार्गांनी उपयोगी पडू शकते: मदत करणारे हात वाढवून किंवा तीच मदत पुन्हा पुन्हा द्यावी लागणार नाही अशी व्यवस्था करून.

दुसरा मार्ग अधिक फलदायी आहे. एकाच प्रात्यक्षिकात वीस जण वेगवेगळ्या वीस चुका करत नाहीत. आमच्याकडे एकदा तासाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत सहा-सात जणांचा सी प्रोग्रॅम कंपाइल होईना. जीसीसी हा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) म्हणत होता की प्रोग्रॅममध्ये काही भटकी चिन्हे आहेत. सर्वांनी प्रात्यक्षिकाच्या पत्रकातून नमुना कोड कॉपी केला होता आणि ते पत्रक वर्ड प्रोसेसरमध्ये तयार केल्यामुळे त्यातली सरळ अवतरणचिन्हे वळणदार झाली होती. डोळ्यांना फरक जाणवत नाही, कंपायलरला जाणवतो. हे रांगेत एकत्र दिसले असते तर फळ्यावर एक ओळ लिहून काम झाले असते. म्हणून चिकटवलेल्या एररची महत्त्वाची ओळ घ्या, तिच्यातले फाइलचे नाव, ओळींचे क्रमांक आणि अवतरणातली नावे काढून टाका, आणि उरलेला मजकूर जुळणाऱ्या अडचणी त्या प्रात्यक्षिकापुरत्या एका गटात दाखवा. यासाठी कोणतेही यंत्र-शिक्षण लागत नाही. मदतनीसाला एकाच वेळी गटाला उत्तर देता आले पाहिजे आणि नव्याने तीच ओळ चिकटवणाऱ्याला रांगेत जाण्यापूर्वीच ते उत्तर दिसले पाहिजे. बारा आठवड्यांत एकच ‘विशेष’ गोष्ट करता येणार असेल तर ही करा.

विद्यार्थ्याला अंदाजे प्रतीक्षाकाळ दाखवणेही सोपे आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर रांगेत थांबलेल्यांची सरासरी संख्या ही येण्याचा दर आणि सरासरी प्रतीक्षा यांच्या गुणाकाराइतकी असते. तासाला वीस मागण्या येत असतील आणि रांगेत सरासरी सहा जण असतील, तर सरासरी प्रतीक्षा अठरा मिनिटांची. मिनिटाचा अचूक आकडा दाखवू नका. ‘साधारण पंधरा ते वीस मिनिटे’ असे लिहा. थांबावे लागण्यापेक्षा किती थांबायचे हे न कळण्याचा त्रास अधिक असतो, आणि वेळ कळली तर विद्यार्थी तोवर पुढचा भाग करायला घेतो.

पडदा ताजा ठेवण्यासाठी सुरुवातीला वेबसॉकेटच्या, म्हणजे सर्व्हरशी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीच्या, मागे लागू नका. साठ जणांनी दर दहा सेकंदांनी ‘काही बदलले का’ असे विचारले तर सेकंदाला सहा विनंत्या होतात आणि त्या सर्वांत स्वस्त सर्व्हरलाही जाणवत नाहीत. वेबसॉकेट २०११ पासून प्रमाणित आहे, चांगले आहे, पण जुळणी तुटल्यावर पुन्हा जोडणे आणि मधल्या काळातले बदल भरून काढणे हे काम तुमच्यावर येते. शिवाय काही महाविद्यालयांच्या प्रॉक्सीमधून, म्हणजे सगळा इंटरनेट वापर ज्यातून जातो त्या मधल्या सर्व्हरमधून, ते पारच होत नाही. त्याच प्रॉक्सीचा आणखी एक फटका आम्हाला बसला. एका पत्त्यावरून मिनिटाला ठरावीक विनंत्यांपेक्षा जास्त आल्या तर अडवायच्या, अशी मर्यादा आम्ही शहाणपणाने घातली होती. घरून तपासताना सर्व सुरळीत होते. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी अ‍ॅप बंद पडले, कारण संपूर्ण महाविद्यालय बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून दिसत होते. मर्यादा लॉगिन केलेल्या वापरकर्त्यावर घाला.

सुरक्षिततेविषयी दोन-तीन गोष्टींवर तडजोड नको. येथे लोक कोडच चिकटवणार आहेत, म्हणजे कोणीतरी एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टही चिकटवणार, बहुधा निरागसपणे. तो मजकूर पानात मजकूर म्हणूनच गेला पाहिजे. रिअ‍ॅक्ट ही पडदे बांधण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी हे मुळातच करते, पण मार्कडाउनसाठी (साध्या चिन्हांतून मजकूर सजवण्याच्या पद्धतीसाठी) तुम्ही कच्चे एचटीएमएल आत सोडले की ते संरक्षण संपते. कोडमधली मोकळी जागा आणि टॅब जसेच्या तसे राहतात ना हेही पाहा, नाहीतर ओळीपूर्वीच्या जागेलाच अर्थ असलेल्या पायथनचा प्रश्न दुरुस्त होऊन किंवा बिघडून मदतनीसापर्यंत पोहोचेल. भूमिकांची (विद्यार्थी, मदतनीस, शिक्षक) तपासणी सर्व्हरवर करा. शिक्षकाचे बटण विद्यार्थ्याला न दाखवणे म्हणजे अधिकार नाकारणे नव्हे. पासवर्ड स्वतः साठवू नका, महाविद्यालयाने दिलेल्या ईमेल खात्यावरूनच लॉगिन घ्या. फोन क्रमांक मागूच नका. भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या संमतीची अपेक्षा ठेवली आहे. पहिल्या वर्षातले बरेच विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात, तर दहावीनंतर पदविकेला आलेले त्याहूनही लहान, त्यामुळे कोणती माहिती घेतो आणि किती काळ ठेवतो हे एका पानावर लिहून विभागप्रमुखांशी आधीच बोला.

आता टीम. फ्रंटएंड, बॅकएंड आणि डेटाबेस असे आडवे थर वाटून घेतले तर आठव्या आठवड्यापर्यंत काहीच चालताना दिसणार नाही आणि नवव्यात चार जणांचे चार वेगळे समज एकमेकांवर आदळतील. प्रणालीची रचना ती बांधणाऱ्यांच्या आपसातल्या संवादाच्या रचनेसारखी होते, हे संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांचे निरीक्षण १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अजून खोटे ठरलेले नाही. त्याऐवजी अडचणीच्या प्रवासाचे उभे तुकडे करा. एकाने अडचण मांडण्याचा पडदा, त्याचा सर्व्हरवरचा मार्ग आणि त्याचा डेटाबेसमधला तक्ता हे सगळे घ्यावे; दुसऱ्याने रांग आणि हाती घेणे; तिसऱ्याने उत्तरे, सुटल्याची नोंद आणि शोध; चौथ्याने लॉगिन, भूमिका, शिक्षकांचा आढावा आणि अ‍ॅप सर्व्हरवर चढवण्याची व्यवस्था. प्रत्येकाला सगळ्या थरांना हात लावावा लागेल आणि ज्याला सीएसएस आवडत नाही त्याची कुरकुर होईल, ती होऊ द्या. व्हायवाला चौघांनाही पूर्ण उत्तर देता येते, हा फायदाही लहान नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी अ‍ॅप खऱ्या पत्त्यावर चढलेले असावे, मग त्यात लॉगिन आणि एक रिकामी यादी एवढेच का असेना. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, प्रत्येक कामाची शाखा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगू देऊ नका आणि मुख्य शाखेत काहीही दुसऱ्याने वाचल्याशिवाय जाऊ नये. वाचणारा दर वेळी वेगळा असावा, अन्यथा टीममधला ‘हुशार’ एकटाच रात्री दोनपर्यंत सगळ्यांचे मर्ज (शाखा मुख्य शाखेत मिसळणे) करत बसतो आणि परीक्षेच्या आठवड्यात तोच आजारी पडतो. मी ही भूमिका स्वतः केली आहे आणि तिचा अभिमान बाळगणे मला बरीच वर्षे जमले. तक्त्यांतले बदल हाताने न करता मायग्रेशन फाइलींतूनच, म्हणजे ते बदल क्रमाने लिहून ठेवणाऱ्या फाइलींतूनच, करा. डेटाबेसचा पासवर्ड चुकून गिटमध्ये गेला तर पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) तो पुसून उपयोग नाही, इतिहासात तो राहतोच. तत्काळ पासवर्ड बदला. स्वयंचलित चाचण्या सगळ्याला लिहायला वेळ मिळणार नाही, तेव्हा त्या स्थितीबदलांसाठी लिहा: दोघांनी एकाच वेळी घेणे, वीस मिनिटांनी परत जाणे, विद्यार्थ्याने पुन्हा उघडणे. वेळ साठवताना जागतिक प्रमाणवेळेत साठवा आणि साडेपाच तासांची भर फक्त पडद्यावर घाला.

एआय बॉटविषयी तुमचा उत्साह समजतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेली उत्तरे टाकण्यावर बंदी घातली, कारण ती सुबक दिसत पण अनेकदा चुकीची असत आणि तपासणाऱ्यांवरचा भार वाढवत. याउलट हार्वर्डच्या सीएस५० या अभ्यासक्रमात २०२३ मध्ये आलेले एआयचे ‘बदक’ मुद्दाम थेट उत्तर न देता विद्यार्थ्याला उत्तराकडे नेण्याच्या बेताने घडवलेले आहे. तुम्हाला बॉट ठेवायचाच असेल तर त्याला मदतनीसाच्या जागी न बसवता पहिल्या पडद्यावर बसवा. विद्यार्थ्याने लिहिलेले वाचून ‘एररची पूर्ण ओळ दिसत नाही’ किंवा ‘कोणत्या इनपुटवर असे होते?’ एवढेच त्याने विचारावे. एपीआयची किल्ली, म्हणजे बॉटची सेवा वापरण्याचा गुप्त संकेत, सर्व्हरवरच राहू द्या आणि दिवसाच्या वापराला मर्यादा घाला, नाहीतर बिल तुमच्यापैकी एकाच्या वडिलांच्या कार्डावर येईल. हे काम दहाव्या आठवड्यानंतरचे आहे.

गुणानुक्रमाला माझा विरोध अनुभवातून आलेला आहे. उत्तरांच्या संख्येवर गुण दिले, की सोपे प्रश्न तीस सेकंदांत उचलले जातात, सेगमेंटेशन फॉल्टसारखे (नको त्या मेमरीला हात लागल्याने प्रोग्रॅम कोसळणे) चिवट प्रश्न पडून राहतात, आणि समजावून सांगण्याऐवजी तयार कोड चिकटवला जातो, कारण तो लवकर ‘सुटतो’. तुम्ही मोजायचेच असेल तर पहिल्या प्रतिसादापर्यंतच्या वेळेचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) मोजा, सरासरी नको. रात्री विचारलेले आणि सकाळी पाहिलेले चार प्रश्न सरासरीला निरर्थक करतात. त्याच्या जोडीला, बंद झालेल्या किती अडचणी पुन्हा उघडल्या आणि किती जणांनी पहिल्यांदाच काही विचारले हे पाहा. यातला शेवटचा आकडा मी सर्वांत आधी पाहतो, कारण वहीपर्यंत न येणारी मुले आली की नाही हे फक्त त्यातूनच कळते.

सहाव्या आठवड्यात एका बॅचवर प्रत्यक्ष चालवा. पहिल्या दिवशी तुम्ही चौघेही लॅबमध्ये उभे राहा, पण कोणालाही बटण कोठे आहे हे सांगू नका. ज्या जागी तीन जण अडतील ती जागा त्याच संध्याकाळी बदला. मदतनीस मिळवण्यासाठी अ‍ॅपवर आवाहन लिहून उपयोग होत नाही. दुसऱ्या वर्षातल्या पाच-सहा जणांना नावानिशी विचारा, त्यांच्या वेळा ठरवून घ्या आणि त्या वेळा रांगेच्या वर दाखवा. ज्या वेळी कोणीच उपलब्ध नाही त्या वेळी ‘आत्ता कोणी नाही, उद्या दहाला पाहिले जाईल’ असे स्पष्ट लिहा.

राहिला प्रश्न तुम्ही पास झाल्यानंतरचा. होस्टिंग, डोमेन आणि ईमेल ही तिन्ही खाती तुमच्यापैकी कोणाच्या वैयक्तिक नावावर न ठेवता विभागाच्या खात्यावर काढा. फुकटच्या होस्टिंगवर काही वेळ वापर नसला की सेवा झोपी जाते आणि सकाळचा पहिला विद्यार्थी अर्धा-एक मिनिट पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसतो, तेव्हा लॅबच्या दिवसांपुरता तरी थोडा खर्च विभागाकडून मंजूर करून घ्या. बॅकअप घेता येतो एवढ्यावर समाधान मानू नका, तो एकदा रिकाम्या डेटाबेसवर चढवून पाहा. आणि आठव्या आठवड्यापासून दुसऱ्या वर्षातल्या दोघांना गिटवर प्रवेश द्या. त्यांनी केवळ तुमची रीडमी फाइल (अ‍ॅप कसे उभे करायचे याच्या सूचना) वाचून अ‍ॅप स्वतःच्या लॅपटॉपवर उभे करायचे, तुम्ही शेजारी बसायचे आणि त्यांना जेथे जेथे तुम्हाला विचारावे लागेल तेथे तेथे त्या फाइलमध्ये एक ओळ वाढवायची.